तात्यांची इंची पेटी

काशिनाथ तात्यांकडे कुणी पाना मागायला गेलं की ते आधी मागणाऱ्याचे हात बघत, मग विचारत, "फडकं आणलंय का?"

नसेल आणलं तर वाद नाही, उपदेश नाही. "मग उद्या या." पाना कुठल्या मापाचा हवा, कशासाठी हवा, हे सगळं नंतरचं. मला त्यांनी या फडक्यापायी दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा मी रिकाम्या हातानं गेले होते. दुसऱ्यांदा शिंप्याकडनं टेरिकॉटचा नवाकोरा तुकडा मागून नेला. तात्यांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "बाई, ह्यानं तेल पुसत न्हाई, नुसतं फिरतं." तिसऱ्यांदा मी माझी जुनी सुती साडी फाडली. ते फडकं त्यांनी नाकाशी नेलं, दोनदा पिळलं आणि मान हलवली. "हां. हे पितं. हे तुमचं पहिलं हत्यार."

मी तेव्हा महाळुंगे पडवळच्या शाळेत शिक्षिका होते. चाळिशी आलेली, लग्न राहून गेलेलं, अण्णांच्या घरात भावाच्या संसाराबरोबर राहणारी. अण्णा म्हणजे माझे वडील. दिवसभर पोरांकडून पाढे म्हणवून घेतल्यावर संध्याकाळी अंगात काही उरत नसे. अशा बाईला जुनी जीप दुरुस्त करायची हौस कुठून आली, असं गावात बरेच जण विचारत. हौस कसली डोंबलाची! अण्णा गेल्यापासून त्यांची जीप गोठ्यामागं नऊ वर्षं उभी होती. त्याच जीपमधून ते मंचरच्या बाजारात तरकारी न्यायचे, आणि त्याच जीपवर त्यांनी मला मोकळ्या वावरात गाडी चालवायला शिकवलं होतं. एक दिवस भाऊ म्हणाला, भंगारात घालू. मी म्हणाले, मी ती चालू करते. तो हसला. "अक्का, तुझ्याच्यानं टाकीचा नळ फिरत न्हाई!" ते माझ्या जिव्हारी लागलं. बाकी काही कारण नव्हतं.

तात्या कळंबला राहत, हायवेपासून आत, विहाराच्या मागच्या आळीत. बसच्या डेपोत तीसेक वर्षं फिटर म्हणून काढून निवृत्त झालेले. उंच, वाळलेला माणूस. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, मनगटाशी गुंडी लावलेली, आणि डाव्या खांद्यावर फडकं. तात्या कमी बोलत. डेपोत इंजिनांच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तिथले लोक बोटांनी बोलायचे, ती सवय त्यांना घरीही राहिली होती. चहात साखर किती, तर एक बोट. सूनबाई विचारायची, पावण्यांना भाकरी किती टाकू, तर तीन बोटं. एकदा एका शेजाऱ्यानं त्यांच्यासमोर आपल्या पोराचं अर्धा तास कौतुक केलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून चिमटीएवढं माप दाखवलं. शेजारी आठ दिवस बोलला नाही.

माझी त्यांची खरी गाठ पडली ती एका चकचकीत पेटीमुळं. फडकं पसंत पडल्यावर मी पुण्याला जाऊन पान्यांचा अख्खा सेट आणला. निळी पेटी, आत मखमल, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं पाने. मोठ्या दिमाखात ती पेटी तात्यांपुढं उघडली. त्यांनी एकाही पान्याला हात लावला नाही. फक्त विचारलं, "गाडी कुठली? किती जुनी?" मी सांगितलं. म्हणाले, "चला, बघू."

वडापच्या, शिटा भरून सुटणाऱ्या जीपनं आम्ही महाळुंग्याला आलो. तात्या गोठ्यामागं एका पालथ्या घमेल्यावर बसले आणि म्हणाले, "हा नट सोडवा." मी सेटमधून एकेक पाना लावून पाहिला. बाराचा बसेना, तेराचा बसला. नटावर थोडा हलत होता, पण बसला. मी सगळा जोर लावला. पाना सर्रकन फिरला, माझी बोटं चासीवर आपटली, आणि बघते तर नटाचे कोपरे गोल झालेले. मी बोटं तोंडात धरून उभी राहिले.

"तात्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं की."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं, ध्यानात ठेवलं नसतं. एक नट गेला. सस्त्यात शिकलात." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक काळपट पाना काढला. "ही जुनी गाडी हाय बाई. हिचं सगळं माप इंचात. अर्ध्या इंचाच्या नटाला तुमचा तेरा एमेमचा पाना बसल्यासारखा दिसतो आन तिथंच माणूस फसतो. अजिबात न बसणारा पाना परवडला." आणि मग, अगदी सरळ चेहऱ्यानं, "पाचवीला अपूर्णांक शिकवता नव्हं?"

शिकवत होते की! सात सोळांश मोठे की अर्धा मोठा, हे फळ्यावर पंधरा वर्षं शिकवत होते. पण लोखंडातला अर्धा ओळखता आला नाही.

सेट परत करायला लावला नाही, पण तो गोठ्यातल्या फळीवर ठेवायला लावला. "हा भाच्याच्या मोटरसायकलला द्या. नवा माणूस आधी पेटी घेतो, मग तिच्यात बसंल असं काम शोधत बसतो. आपण आधी नट बघायचा. तो मागंल तेवढाच पाना." अजून एक गोष्ट त्यांनी सेटमधून काढून बाजूला केली, ती म्हणजे तोंड लहानमोठं करता येतं तो पाना. "ह्यो सगळ्यांनाच हो म्हणतो. ह्याला हात लावायचा न्हाई." मला तो फार सोयीचा वाटला होता. मी गुपचूप तोही फळीवर ठेवला.

तात्यांची स्वतःची पेटी लाकडी होती. मोडीत निघालेल्या बसच्या बाकाच्या फळ्यांची. आत प्रत्येक हत्यारासाठी त्याच्याच आकाराची खाच कोरलेली, त्यामुळं काय बाहेर गेलंय ते झाकण उघडताच कळायचं. सगळी इंची हत्यारं, एकेक करून तीस वर्षांत जमवलेली. ती पेटी दारात उंबऱ्याशी असायची आणि तात्या तिच्याशेजारी बसायचे, एक हात झाकणावर. पण आता इंची गाड्याच उरल्या नव्हत्या. पाना मागायला महिनोन्महिने कुणी यायचं नाही. मुलगा मिलिंद भोसरीला कंपनीत होता, स्वभावानं चांगला. त्याला घरावर स्लॅब टाकायचा होता आणि पेटी सारखी पायात यायची. "तात्या, आता ह्या मापाचं काय राहिलंय? भंगारवाल्याला देऊन टाकू," असं तो माझ्यासमोरच म्हणाला. मिलिंद आत गेल्यावर तात्या मला म्हणाले, "त्याचं चुकत न्हाई. पण माझे डोळे चाललेत, बाई. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनला, गेलं ते परत येत न्हाई, राहिलंय तेबी राहील असं न्हाई. नजर हाय तवर ही पेटी कुणाच्या तरी हातात द्यायचीय. जो पुसून ठेवील त्याच्या."

त्या दिवसापासून मला कळून चुकलं की मी उमेदवार आहे. आणि खरं सांगते, जीपपेक्षा ती पेटीच मला जास्त हवीशी वाटायला लागली.

नियम साधा होता. एका वेळी एक हत्यार. काम झालं की पुसून, तेलाचा हात फिरवून परत आणायचं, ते खाचेत बसलं की मग पुढचं मिळायचं. आधी अर्धा इंची रिंग पाना, कारण तो नटाला चहूबाजूंनी धरतो आणि नवख्याच्या हातून घसरत नाही. मग त्याच मापाचा उघड्या तोंडाचा. मग नऊ सोळांश. मग एक मोठा, एक आखूड असे दोन पेचकस. हातोडा सगळ्यात शेवटी, तोही लाकडी. "घाई झाली की माणसाला हातोडा आठवतो," असं ते म्हणत. गंजून बसलेल्या बोल्टांसाठी त्यांचं एकच औषध, "डिझेल सोडा आन घरी जा." मी शाळा सुटल्यावर गोठ्यामागं जायची, बोल्टावर चार थेंब डिझेल सोडायची आणि घरी यायची. असं कितीतरी दिवस. भाऊ म्हणायचा, अक्का रोज जीपला तीर्थ देती. कधीकधी वाटायचं, कशाला हा उपद्व्याप? पाठ दुखायची, नखांतलं काळं निघायचं नाही, वर्गात पोरी माझ्या हातांकडं बघून खुसखुसायच्या. पण रविवार आला की पाना पिशवीत घालून मी निघायचीच.

मधे एकदा नारायणगावकडचे एक गृहस्थ आले. वरातीसाठी सजवायला त्यांनी जुनी जीप घेतली होती आणि पेटीचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाले, तुम्ही म्हणाल ती किंमत. मी तिथंच बसले होते. तात्यांनी त्यांच्या हातात एक पाना दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, "वा, जुनं लोखंड ते जुनं लोखंड," म्हणाले, पाना पेटीवर ठेवला आणि खिशातून पांढरा रुमाल काढून हात पुसले.

"न्हाई जमायचं, पावणं," तात्या म्हणाले.

ते गेल्यावर मी विचारलं, का हो? तात्या पाना पुसत म्हणाले, "हात पुसला त्यानं. पाना तसाच ठेवला."

इतकं सगळं डोळ्यांनी बघून मी जे केलं, ते आठवलं की आजही मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

जीपचं काम संपत आलं होतं. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डबीत दोन लहान टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्या दोघींत किती फट ठेवायची यावर गाडी सुरू होणं आणि नीट चालणं अवलंबून असतं. ती फट मोजायला फिलर गेज लागतो. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा, प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली. जाडी थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत. माझ्या जीपला वीस थाऊ हवी होती. पेटीतलं हे सगळ्यात नाजूक हत्यार. तात्यांनी ते मला नवरात्रात दिलं. देताना दोनदा झाकण उघडलं, दोनदा मिटलं.

"वीसची पट्टी. आत सरकवायची, जड जाऊ द्यायची न्हाई, सैल जाऊ द्यायची न्हाई. बास."

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, विळे, कोयते, मोटर, सगळ्यांची पूजा होते. मला वाटलं, आपल्याकडं ह्या वर्षी आपलं स्वतःचं हत्यार आहे. मी पाटावर फिलर गेज पंख्यासारखा उघडून ठेवला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. काय सुरेख दिसत होता! आणि पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. दसऱ्याला पाहुणे आले. मग मी तापानं पडले. उठून पाटाकडं गेले तर फुलं कुजलेली, आणि पट्ट्यांमधे ओली हळद आणि गंज यांचा एकच लगदा.

फडकं खुंटीला होतं. हाताच्या अंतरावर.

तात्यांकडं गेले. त्यांनी गेज हातात घेतला, पट्ट्यांवर अंगठा फिरवला. नजर तोवर बरीच गेली होती, अंगठ्यानंच बघायचे. मग अंगठा नाकाशी नेला.

"हळद?"

"हो. खंडेनवमी होती." मी रडायच्या बेतात होते. "तात्या, तुमच्यात हे करत नाहीत, माझ्या ध्यानातच..."

"त्याचं काय न्हाई," ते मधेच म्हणाले. "दसऱ्याला आमी विहारात जातो. जायच्या आधी मी सगळी हत्यारं रॉकेलनं धुतो, तेल लावतो. तुमी कुंकू लावता. ज्याचं त्याच्यापाशी. कुंकवाचा राग न्हाई बाई." मग पट्ट्या मिटवून, "पूजा केलीत. पुसलं न्हाई."

त्यांनी गेज खाचेत ठेवला नाही, मांडीवरच ठेवला. पेटीचं झाकण लावलं. "आता राहू द्या."

मी वर्षभर ज्या झाकणाकडं आशेनं बघत होते ते माझ्यासमोर मिटलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी वडापनं घरी आले आणि जीपवर ताडपत्री टाकली.

हिवाळा तसाच गेला. कळंबवरून जाताना मी बसच्या दुसऱ्या बाजूला बसायची. चैत्रात मिलिंद शाळेत आला. म्हणाला, "तात्यांनी बोलावलंय. स्लॅबचं काम सुरू झालंय. पेटीचं काय ते ह्या महिन्यात ठरवायचंय."

गेले. अंगणात वाळूचा ढीग, सळ्या, आणि एका कोपऱ्यात पेटीशेजारी तात्या. डोळे उघडे होते, पण ते माझ्या आवाजाकडं वळले, माझ्याकडं नाही. मांडीवर फिलर गेज होता. सगळ्या पट्ट्या लख्ख. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरचे झिजलेले तुकडे पायाशी पडले होते. मिलिंद म्हणाला, थंडीभर तात्या हेच करत होते, एकेक पट्टी, दिसत नसताना.

"सगळ्या निघाल्या," तात्या म्हणाले. "वीसची लई खाल्ली व्हती. घासता घासता एक थाऊ गेला. चारची आन पंधराची जोडून अंगठ्यानं ताडून बघितली. एकोणीसच भरती. आकडा वीसचाच राहणार तिच्यावर. ध्यानात ठेवा."

त्यांनी गेज माझ्या पुढं धरला. मी तो फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"गाडी चालू करा. आन इथं आणून मला ऐकवा. मग पेटीचं बघू."

तो सबंध आठवडा मी कसा काढला, मला विचारू नका. परीक्षेचे पेपर तपासायचे, घरचं बघायचं, आणि मग गोठ्यामागं. शनिवारी दुपारी पॉइंट बसवले, फट लावली आणि अण्णांचं नाव घेऊन चावी फिरवली. जीप चार वेळा खोकली. पाचव्यांदा सुरू झाली! गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला निघाल्या. भाऊ धावत आला आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मी तशीच कळंबला निघाले. तात्यांच्या दारात जीप उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. तात्या उठले, भिंतीला धरून चार पावलं पुढं आले आणि मान तिरकी करून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

एक थाऊ.

आई गं! मी वीसची पट्टी लावली होती. आकडा वाचून. त्यांनी एवढं बजावून सांगितलेलं साफ विसरले होते. खरं सांगायचं तर मला आवाजात काहीच फरक कळत नव्हता. त्यांना खरंच ऐकू आलं, की माझी विसरण्याची खोड त्यांना पाठ होती, देव जाणे. मी इंजिन बंद केलं, डबीचं टोपण उघडलं, पंधरा आणि पाच अशा दोन पट्ट्या जोडून फट पुन्हा लावली. मग खिशातून फडकं काढून पट्ट्या पुसायला लागले. एकेक, दोन्ही बाजूंनी. कापडाचा पोलादावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटची पट्टी पुसून झाल्यावर मी गेज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली बसून चाचपत खाचेत बसवला, झाकण लावलं, त्यावरून एकदा तळहात फिरवला.

"मिलिंद, पेटी बाईंच्या गाडीत ठेव."

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला फार आनंद होईल. झाला नाही. मिलिंद पेटी उचलत होता आणि माझ्या मनात येत होतं, नको, राहू दे, अजून एक वर्ष एकेक पाना नेते आणि परत आणते. पण सांगायला तोंडच नव्हतं.

त्यानंतर तात्या मला पुन्हा दिसले नाहीत. पावसाळा संपायच्या आत गेले. तेव्हा आमच्या शाळेची सहल लेण्याद्रीला गेली होती आणि मी पोरांची डोकी मोजत पायऱ्यांवर उभी होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती पेटी अजून माझ्या दारात असते, आणि कुणी पाना मागायला आलं की मी आधी त्याचे हात बघते. पण मला तात्या दिसतात ते त्या शनिवारचे. जीप फिरवून मी वळणापर्यंत आले आणि थांबले. इंजिन चालू होतं. आरशात त्यांचं दार दिसत होतं, त्यांचं बोट पुन्हा वर होतं का ते मी बघत होते. तात्या उंबऱ्याशी बसले. नेहमीसारखा एक हात बाजूला नेला, झाकणावर ठेवायला. तिथं काही नव्हतं. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि दोन्ही हात पुसायला लागले, एकेक बोट, सावकाश. मी खूप वेळ थांबले. बोट वर झालं नाही.